रेणू बेतताना

पाण्याच्या एका रेणूत दहा इलेक्ट्रॉन असतात. हाताच्या बोटांवर मोजून संपतील एवढेच. हे दहा इलेक्ट्रॉन आणि तीन अणुकेंद्रके मिळून कशी वागतात ते सांगणारे समीकरण एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये लिहिले. समीकरण एका ओळीत मावते. त्याचे उत्तर मात्र कुठेच मावत नाही.

एका इलेक्ट्रॉनची जागा सांगायला तीन आकडे लागतात, म्हणजे दहांना तीस. इलेक्ट्रॉनांबद्दल जे काही कळू शकते ते सगळे ज्यात साठवलेले असते, ते तरंगफलन या तीस आकड्यांवर एकाच वेळी अवलंबून असते. ते कुठेतरी नोंदवून ठेवायचे म्हटले आणि प्रत्येक दिशेला फक्त दहा बिंदू घेतले, तरी १ वर ३० शून्ये इतके आकडे लिहावे लागतील. दहा बिंदूंची जाळी फार ढोबळ असते, तिच्यातून धड काही दिसणारही नाही. आता पेट्रोलमध्ये असणारा बेंझिनचा रेणू घ्या. बारा अणू, ४२ इलेक्ट्रॉन, १२६ आकडे. तशीच ढोबळ जाळी घेतली तर १ वर १२६ शून्ये. दृश्य विश्वातल्या साऱ्या अणूंची संख्या साधारण १ वर ८० शून्ये इतकी मानतात. म्हणजे विश्वातला प्रत्येक अणू वही म्हणून वापरला तरी बेंझिनच्या एका रेणूचे तरंगफलन उतरवून घेता येणार नाही.

वॉल्टर कोन यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात या अडथळ्याला घातांकी भिंत म्हटले. ते त्याच्याही पुढे गेले. हजाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त कणांसाठी तरंगफलन ही वैध वैज्ञानिक संकल्पनाच राहत नाही, असे त्यांनी मांडले, कारण ते पुरेशा अचूकतेने काढताही येत नाही आणि काढले तरी साठवता येत नाही.

आणि तरीही २०१३ मध्ये ६४४ अणूंच्या एका अख्ख्या प्रथिनाची ऊर्जा क्वांटम रसायनातल्या सर्वांत काटेकोर पद्धतींपैकी एकीने काढली गेली. भिंत होती तिथेच आहे. माणसांनी तिच्या कडेने वाटा काढल्या. त्या कशा काढल्या, हे मला विसाव्या शतकातल्या अतिशय देखण्या बौद्धिक पराक्रमांपैकी एक वाटते, आणि त्यातली एक वाट पुण्यात, गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात आखली गेली.

पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्ये एक विधान केले होते. भौतिकशास्त्राच्या मोठ्या भागामागचे आणि संपूर्ण रसायनशास्त्रामागचे मूलभूत नियम आता पूर्णपणे माहीत झाले आहेत, अडचण एवढीच की त्यातून निघणारी समीकरणे सोडवण्यापलीकडची गुंतागुंतीची आहेत, असा त्याचा आशय. डिरॅक तेव्हा २६ वर्षांचे होते. हे विधान पुस्तकापुस्तकांत सापडते, पण त्याला लागूनच त्यांनी जे म्हटले ते फारसे कुणी सांगत नाही. क्वांटम यामिकी प्रत्यक्ष वापरता येईल अशा अंदाजी पण उपयुक्त पद्धती शोधल्या पाहिजेत, फार आकडेमोड न करता गुंतागुंतीच्या अणुरचनांची मुख्य वैशिष्ट्ये त्यांतून कळली पाहिजेत, असेही त्यांनी लिहिले होते. पुढच्या शंभर वर्षांचा अभ्यासक्रम त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

पहिली उपयुक्त पद्धत तोवर आलेलीच होती. १९२८ मध्ये डग्लस हार्ट्री यांनी सुचवले की प्रत्येक इलेक्ट्रॉनने दुसऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे झुंजण्याऐवजी, बाकी सगळ्यांच्या सरासरी विद्युत क्षेत्रात तो एकटा फिरतो असे मानू. आधी एक अंदाज करायचा, त्यावरून क्षेत्र काढायचे, त्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन कसे बसतील ते काढायचे, त्यावरून पुन्हा क्षेत्र. उत्तर बदलायचे थांबेपर्यंत हे फेरे चालू ठेवायचे. हार्ट्री हे सगळे हाताने चालवायच्या गणनयंत्रावर करत आणि त्यांचे निवृत्त वडील विल्यम हार्ट्री त्यांच्या जोडीला बसून आकडेमोड करत. व्लादिमीर फॉक यांनी १९३० मध्ये या पद्धतीतली एक महत्त्वाची उणीव भरून काढली. हार्ट्री-फॉक हे जोडनाव आजही या शास्त्राची पहिली पायरी आहे.

अणूसाठी हे जमले, कारण अणू गोल असतो. रेणूला मात्र अनेक केंद्रे असतात आणि तिथे घोडे अडले. दोन इलेक्ट्रॉनांमधले प्रतिकर्षण मोजायला ज्या संकलांची (इंटिग्रल्सची) गरज पडते, त्या एकेका संकलात चार वेगवेगळ्या अणूंवरची, इलेक्ट्रॉनच्या ढगाचा आकार सांगणारी फलने एकत्र येतात. निसर्गात इलेक्ट्रॉनचा ढग केंद्रकापाशी टोकदार असतो आणि बाहेर हळूहळू विरत जातो. तसल्या आकारांचे हे संकल त्या काळी कुणाला हाताळता येत नव्हते.

यावर केंब्रिजच्या एस. फ्रान्सिस बॉइज यांनी १९५० मध्ये काढलेला तोडगा अजूनही वाचताना अंगावर काटा येतो. त्यांनी मुद्दाम चुकीचा आकार घेतला, गाऊसचा घंटेसारखा वक्र. केंद्रकापाशी हा वक्र गुळगुळीत असतो, तिथे खरे तर टोक हवे. दूरवर तो फार लवकर विरतो, तिथे खरे तर शेपूट लांब हवे. दोन्हीकडे चूक. पण त्याच्या अंगी एक अद्भुत गुण आहे. दोन वेगवेगळ्या केंद्रांवरचे गाऊस वक्र एकमेकांनी गुणले की त्या दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी बसलेला तिसरा, एकच गाऊस वक्र मिळतो. चार केंद्रांचा गुंता दोन केंद्रांवर येतो आणि संकल सूत्राने सुटतो. आकारातली चूक भरून काढायला एकाऐवजी पाचसहा वक्र एकत्र बांधायचे. जॉन पोपल यांच्या गटाने १९७० मध्ये बाहेर आणलेला संगणक प्रोग्राम या वक्रांवरच उभा होता आणि त्याचे नावही गाऊसियन असेच ठेवले गेले. पोपल आणि कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

संकल सोपे झाले, पण त्यांची संख्या? रेणूचे वर्णन करायला हजार फलने घेतली तर वेगवेगळे संकल साधारण १२,५०० कोटी भरतात. नुसते साठवायलाच एक टेराबाइट जागा लागेल. १९८० च्या सुमारास एवढी जागा कुणाकडे असणार? १९८२ मध्ये यान आल्मलोफ यांनी म्हटले, मग साठवू नका. दर फेरीला नव्याने काढा आणि वापरून टाकून द्या. काढलेले उत्तर फेकून तेच परत काढायचे, हे ऐकायला उधळपट्टीचे वाटते. पण प्रोसेसरचा वेग डिस्कच्या वेगाहून फार भराभर वाढत होता, त्यामुळे आठवण्यापेक्षा पुन्हा मोजणे स्वस्त पडू लागले. त्यातून दुसरा फायदा निघाला. दूरदूरच्या दोन घंटा एकमेकींवर पडतच नाहीत, त्यांचा गुणाकार शून्यवत असतो. कोणता संकल नगण्य निघणार हे तो काढण्याआधीच एका साध्या असमानतेने कळते, मग तो काढायचाच नाही. मोठ्या रेणूत बहुतेक संकल असेच गळून पडतात.

पुढचा सगळा डाव याच गोष्टीवर उभा आहे: जे दूर आहे ते फारसे मोजावे लागत नाही. पण तिथे जाण्याआधी हार्ट्री-फॉकमध्ये काय हरवते ते पाहायला हवे, कारण सगळे रसायन त्या हरवलेल्या तुकड्यात आहे.

पाण्याच्या रेणूची एकूण ऊर्जा, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन आणि केंद्रके पूर्ण सुटी करायला लागणारी ऊर्जा, एका मोलमागे साधारण ४८,००० किलोकॅलरी आहे. हार्ट्री-फॉक त्यातला ९९.५ टक्के भाग बरोबर देते. परीक्षेत एवढे गुण पडले तर पेढे वाटतील. पण उरलेला अर्धा टक्का म्हणजे सुमारे २३० किलोकॅलरी, आणि पाण्याच्या रेणूतले दोन्ही बंध तोडून तिन्ही अणू सुटे करायलाही जवळपास तेवढीच ऊर्जा लागते. चूक अख्ख्या रेणूच्या बंधांएवढी! दोन फ्लोरीन अणूंचा रेणू हार्ट्री-फॉकच्या हिशोबात टिकतच नाही, सुटे अणूच जास्त स्थिर ठरतात. खऱ्या जगात फ्लोरीनचा रेणू छान टिकतो. रसायनशास्त्रज्ञाला लागते १ किलोकॅलरीची अचूकता, कारण एखादे औषध प्रथिनाला चिकटेल की नाही, एखादी अभिक्रिया क्षणात होईल की वर्षभरात, हे अशा एकदोन किलोकॅलरींवर ठरते. दोन पाण्याच्या रेणूंमधला हायड्रोजन बंधच सुमारे ५ किलोकॅलरींचा असतो.

हरवलेल्या भागाला सहसंबंध ऊर्जा म्हणतात. इलेक्ट्रॉन सरासरी क्षेत्रात फिरत नाहीत. ते एकमेकांना चुकवत फिरतात, क्षणोक्षणी. हे चुकवणे हिशोबात धरायचे तर कुठले दोन इलेक्ट्रॉन, कुठले तीन इलेक्ट्रॉन एकदम जागा बदलतात ते पाहावे लागते, आणि तिथे खर्च अंगावर येतो. या कामात सुवर्णमान मानली जाणारी पद्धत म्हणजे सीसीएसडी(टी). १९८९ मध्ये पोपल यांच्या गटाने ती मांडली आणि त्या लेखाचे पहिले लेखक होते कृष्णन राघवाचारी. लहान रेणूंवर ही पद्धत प्रयोगाच्या तोडीची उत्तरे देते. पण रेणूचा आकार दुप्पट केला की वेळ दोनच्या सातव्या घाताने, म्हणजे १२८ पटींनी वाढतो. आकार दहापट केला तर १ कोटी पटींनी. एका लहान रेणूला तास लागला, तर त्याच्या दहापट रेणूला ११४१ वर्षे लागतील. यंत्र हजारपट वेगवान आणले तरी वर्षाहून अधिक, आणि त्यात रेणू आणखी थोडा वाढवला की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

कोन यांनी स्वतः निवडलेली वाट वेगळीच होती. १९६४ मध्ये पिएर होहेनबर्ग यांच्याबरोबर त्यांनी सिद्ध केले की तरंगफलन नसले तरी चालेल. इलेक्ट्रॉनांची घनता, जी रेणू कितीही मोठा असो फक्त तीन आकड्यांवर अवलंबून असते, तिच्यातून तळाच्या अवस्थेची ऊर्जा मिळायलाच हवी. मिळवायची नेमकी कशी, ते सूत्र मात्र सिद्धतेतून हाती येत नाही, अंदाजांवर भागवावे लागते. आज जगातली बहुतेक क्वांटम रसायन गणिते याच घनता सिद्धांताने होतात. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून इथे मी त्यावर रेंगाळत नाही.

मला इथे कोन यांची दुसरी, उतारवयातली कल्पना जास्त महत्त्वाची वाटते. १९९६ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी इलेक्ट्रॉनी द्रव्याच्या ऱ्हस्वदृष्टीचे तत्त्व मांडले, आणि पुढे २००५ मध्ये एमिल प्रोदान यांच्याबरोबर त्याला अधिक पक्का गणिती आधार दिला. एखाद्या बिंदूपाशी इलेक्ट्रॉनांची घनता काय असेल ते त्याच्या आसपासच्या परिसरावर ठरते. दूर कुठेतरी परिस्थिती कितीही बदलली तरी त्या बिंदूपाशी होणारा बदल एका मर्यादेपलीकडे जात नाही, आणि ती मर्यादा अंतराबरोबर झपाट्याने खाली येते. प्रथिनाच्या एका टोकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाला काय चालले आहे ते जवळजवळ पाहतच नाही.

रसायनशास्त्र हे दीडशे वर्षे गृहीत धरून चालले होते. अल्कोहोलचा गट लहान रेणूवर असो की मोठ्यावर, तो अल्कोहोलसारखाच वागतो, म्हणून तर पाठ्यपुस्तकात कार्यात्मक गटांचे प्रकरण असते. पण मूळ समीकरणात प्रत्येक इलेक्ट्रॉन दुसऱ्या प्रत्येकाशी जोडलेला आहे. त्या सार्वत्रिक गुंत्यातून ही स्थानिकता आपोआप उगवते, हे केवढे आश्चर्य! घातांकी भिंत गणिताने उभी केली, आणि तिच्यातले दार द्रव्याच्या स्वभावातच होते.

मग मोठा रेणू कापायला काय हरकत आहे?

हा प्रश्न पुण्यात कोन यांच्या लेखाआधीच विचारला गेला होता. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात श्रीधर गद्रे आणि त्यांचे सहकारी रेणूंभोवतीच्या विद्युत विभवाचा अभ्यास करत होते. रेणूच्या कोणत्या बाजूला धनभार ओढला जाईल, दुसरा रेणू कुठून येऊन चिकटेल, हे या विभवाच्या चढउतारांवरून कळते. भौतिकशास्त्र विभागातले राजीव पाठक यांच्याबरोबर गद्रे यांनी १९९० मध्ये एक नेटका सिद्धांत मांडला होता, की या विभवाची शिखरे केंद्रकांवरच असू शकतात, मधल्या मोकळ्या जागेत कधीच नाही. मोठ्या रेणूंसाठी हे विभव काढायचे तर यंत्र हवे, आणि ते दिवस भारताला परदेशी महासंगणक सहज मिळत नव्हते तेव्हाचे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तो याच विद्यापीठाच्या आवारात. अनेक छोटे प्रोसेसर समांतर जोडून केलेला हा महासंगणक होता. पुण्याच्या क्वांटम रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी आपले प्रोग्राम समांतर पद्धतीने लिहिले. अशा यंत्रावर काम करणाऱ्याला एक सवय आपोआप लागते: प्रश्न हातात आला की तो तुकड्यांत कसा वाटता येईल ते आधी पाहायचे.

१९९४ मध्ये गद्रे, राजेंद्र शिरसाट आणि अजय लिमये यांचा लेख प्रसिद्ध झाला. पद्धतीचे नाव त्यांनी मॉलिक्युलर टेलरिंग असे ठेवले, आणि तिची खुबी शिंपीकाम पाहिलेल्या कुणालाही कळेल. शिंपी कापड बेतताना नेमक्या मापावर कधीच कापत नाही, शिवणीसाठी माया सोडतो. रेणू कापतानाही तेच करायचे. प्रत्येक अणूभोवती काही अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोल कल्पायचा. तुकडे असे पाडायचे की प्रत्येक अणूला निदान एका तुकड्यात त्या गोलातले सगळे शेजारी मिळावेत. त्यामुळे तुकडे एकमेकांवर बरेच चढतात, ती त्यांची माया. दुहेरी बंध आणि बेंझिनसारखी वलये कापायची नाहीत, एकेरी बंध कापायचे, आणि उघड्या पडलेल्या टोकावर हायड्रोजनचा अणू बसवून ते बंद करायचे. सुरुवातीच्या कामात तुकड्यांच्या मधल्या, कापल्या न गेलेल्या भागांतली माहिती उचलून अख्ख्या रेणूची घनता शिवली जाई आणि तीवरून विभव काढले जाई.

ऊर्जेसाठी मात्र शिवण आणखी काटेकोर हवी, कारण माया दोनदा मोजली गेली तर सगळा हिशोब बिघडतो. २००६ मध्ये व्ही. गणेश, गद्रे आणि सहकाऱ्यांनी इथे जे गणित वापरले ते महाराष्ट्रातल्या नववीच्या मुलांना येते. दोन संचांच्या संयोगातले घटक मोजायचे तर पहिल्यातले अधिक दुसऱ्यातले, वजा दोघांत सामाईक असलेले. रेणूची ऊर्जाही तशीच काढायची: सगळ्या तुकड्यांच्या ऊर्जांची बेरीज, वजा दोन दोन तुकड्यांच्या सामाईक भागांच्या ऊर्जा, अधिक तीन तीन तुकड्यांच्या सामाईक भागांच्या, असे चिन्ह पालटत पालटत शेवटपर्यंत. संचांचे पाठ्यपुस्तकी सूत्र प्रथिनाच्या ऊर्जेला लागू पडते! यात आणखी एक नाजूक गंमत दडलेली आहे. टोकांना उसने बसवलेले हायड्रोजन तुकड्यांच्या बेरजेत येतात आणि सामाईक भागांच्या वजाबाकीतही येतात, त्यामुळे त्यांचे परिणाम बहुतांशी एकमेकांना खाऊन टाकतात.

खर्च पाहा. मघाचा ११४१ वर्षांचा रेणू घेऊ. त्याचे दहा तुकडे केले आणि माया धरून प्रत्येक तुकडा त्या एका तासवाल्या रेणूच्या दुप्पट झाला. एकेका तुकड्याला १२८ तास, दहांना मिळून १२८० तास, म्हणजे ५३ दिवस. सामाईक भाग लहान असतात, त्यांचा वेळ वर थोडा धरा. आणि तुकडे एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे दहा यंत्रांवर एकदम चालवता येतात. साडेपाच दिवसांत काम होते. शतकांच्या जागी आठवडा, तोही साध्या यंत्रांवर. महागडे यंत्र नसलेल्या प्रयोगशाळेलाही सुवर्णमानाजवळ जाता येते, ही गोष्ट मला या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटते.

कापल्यामुळे थोडी चूक राहतेच. ती घालवायला याच गटाने पुढे कलमाची युक्ती वापरली. एखाद्या स्वस्त पातळीवर अख्ख्या रेणूचे गणित सरळही करायचे आणि कापूनही करायचे. दोन उत्तरांतला फरक म्हणजे कापण्याची चूक. ती महागड्या पातळीवरही जवळपास तेवढीच असते, म्हणून तिथल्या उत्तरात तो फरक मिळवून टाकायचा. पाण्याच्या वीस-पंचवीस रेणूंचे पुंजके हे या पद्धतीचे आवडते मैदान राहिले, कारण तिथे हायड्रोजन बंधांच्या जाळ्यात एक रेणू इकडचा तिकडे झाला तरी ऊर्जा फार थोडी बदलते आणि शेकडो रचना एकमेकींच्या जवळ येऊन बसतात. त्यांतली खरी स्थिर रचना कोणती ते ठरवायला ढोबळ गणित कामाचे नाही.

जगात इतरांनीही कात्री हाती घेतली. वेताओ यांग यांनी १९९१ मध्ये घनता सिद्धांतासाठी रेणू विभागून सोडवण्याची पद्धत काढली. काझुओ किताउरा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जपानमध्ये प्रत्येक तुकडा इतर तुकड्यांच्या विद्युत क्षेत्रात ठेवून सोडवायची रीत आणली, आणि कोविडच्या काळात फुगाकू महासंगणकावर विषाणूच्या प्रथिनांची गणिते तिच्या आधारे झाली. २०२४ चे गॉर्डन बेल पारितोषिक मेलबर्न विद्यापीठाचे जुझेप्पे बार्का यांच्या नेतृत्वाखालच्या गटाला मिळाले. त्यांनीही रेणूंचे तुकडेच केले, अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या फ्रंटियर यंत्रावर, आणि दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉनांच्या हालचालींचे क्वांटम गणित सेकंदाला १ वर १८ शून्ये इतक्या क्रियांच्या वेगाने चालवले.

रेणू न कापताही स्थानिकतेचा लाभ घेता येतो. हंगेरीतून आलेले पीटर पुलाय यांनी १९८३ मध्ये दाखवले की एकमेकांना चुकवणारे इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा शेजारशेजारचे असतात. दूरच्या दोन इलेक्ट्रॉनांचा सहसंबंध अंतराच्या सहाव्या घाताने ओसरतो, अंतर दुप्पट झाले तर चौसष्टावा हिस्सा उरतो. मग जवळच्या जोड्या नीट मोजायच्या, दूरच्या ढोबळ, फार दूरच्या सोडून द्यायच्या. आणि प्रत्येक जोडीसाठी तिच्या मापाची, अगदी थोडी फलने निवडायची. ही जोडीनिहाय फलनांची कल्पना १९६० आणि ७० च्या दशकांत येऊन बाजूला पडली होती. फ्रँक नेझे यांच्या गटाने ती पुन्हा उचलली, आणि जर्मनीतल्या म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत क्रिस्टोफ रिप्लिंगर यांच्यासह तिला अशी धार लावली की २०१३ मध्ये क्रॅम्बिन हे प्रथिन सुवर्णमानाच्या पातळीवर सोडवले गेले. सुरुवातीला म्हटलेले ६४४ अणू ते हेच. कोबीच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या बियांत ते सापडते. ६४०० हून अधिक फलने घेतलेले हे गणित सातव्या घाताच्या जुन्या हिशोबाने मानवी आयुष्यात झालेच नसते. आता रेणू दुप्पट झाला तर वेळही साधारण दुप्पट, या आदर्शाच्या अशा पद्धती अगदी जवळ पोचल्या आहेत.

मात्र द्रव्य सगळीकडे ऱ्हस्वदृष्टीचे नसते. धातूंत आणि लांबच लांब जोडलेल्या वलयांत इलेक्ट्रॉन दूरवर पसरतात. तिथे तुकडे मोठे घ्यावे लागतात आणि फायदा आटतो. आणि काही रेणू असे असतात की ते मुळातच लहान असतात, आणि कापायला जागाच नसते. त्याचे एक उदाहरण शेतातच सापडते.

तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात, शेतातल्या मातीच्या तापमानाला. कारखान्यात तेच करायला चारशे-पाचशे अंश सेल्सियस तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. जिवाणूंच्या नायट्रोजनेज विकराच्या पोटात ज्या जागी हे घडते, तिथे सात लोह, एक मॉलिब्डेनम, नऊ गंधक आणि अगदी मध्यभागी एक कार्बन, असा अठरा अणूंचा पुंजका आहे. मध्ये असलेला तो अणू कार्बन आहे हेच मुळी २०११ मध्ये नक्की झाले. क्रॅम्बिनच्या ६४४ अणूंपुढे अठरा म्हणजे काहीच नाही. पण या लोहांचे इलेक्ट्रॉन एकमेकांशी असे बांधलेले आहेत की सरासरी क्षेत्राची कल्पना पहिल्याच पायरीवर कोसळते. हार्ट्री-फॉक इथे ९९ टक्के बरोबर आणि उरलेले दुरुस्त करू, असे म्हणायला पायाच देत नाही. हा बंध जवळच्या शेजाऱ्यांमधलाच आहे, म्हणून ऱ्हस्वदृष्टीचाही काही उपयोग नाही. कात्री लावावी अशी एकही शिवण या अठरा अणूंत नाही.

इथे वेगळ्या कुळातल्या पद्धती लागतात. स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ मध्ये साखळीतल्या चुंबकी कणांसाठी काढलेली घनता-सारणीची पद्धत रसायनशास्त्रज्ञांनी या पुंजक्यापर्यंत आणली आहे. दुसरीकडे क्वांटम संगणक बांधणाऱ्यांनीही हेच आव्हान समोर ठेवले आहे. असा संगणक नायट्रोजनेजचा पुंजका सोडवायला किती क्रिया आणि किती वेळ घेईल, याचा सविस्तर हिशोब झुरिकचे मार्कुस रायहर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडला. तेव्हापासून नवी रीत निघाली की तिचा खर्च याच अठरा अणूंवर लावून पाहिला जातो, आणि हिशोबातला आकडा दर काही वर्षांनी खाली येतो आहे.